लोखंडी इमारतीचे सांधे आणि आग



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलायचे म्हणजे राजे, लढाया आणि तह यांवर बोलायचे, असा आपल्याकडे एक संकेत आहे. आमच्या विषयात राजा नाही. त्यात बिडाचे खांब आहेत, पोलादी तुळया आहेत, टिनपत्र्याचे छप्पर पेलणाऱ्या कैच्या आहेत आणि या सर्वांना एकमेकांशी बांधून ठेवणारे बोटभर लांबीचे बोल्ट आहेत. दोनशे वर्षांहून अधिक काळ माणसाने आगीला भिऊन लोखंडाची इमारत बांधली, आणि आगीने प्रत्येक वेळी तिचा कच्चा दुवा शोधून काढला. हा दुवा बहुधा सांध्यात सापडतो. त्या सांध्याचा हा इतिहास आहे.

आम्ही इंजिनिअर नव्हे. जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांची संघटना बांधता बांधता जळालेल्या शेडमध्ये उभे राहण्याचे प्रसंग आले. तेथे मालक म्हणत शॉर्ट सर्किट झाले, विमा कंपनीचा माणूस विचारी गठाणी किती जळाल्या, आणि छप्पर का कोसळले हा प्रश्न कोणीच विचारीत नसे. तो प्रश्न आम्ही विचारू लागलो, आणि उत्तरासाठी शब्दकोश शेजारी ठेवून जी पुस्तके व जे अहवाल वाचले, त्यांतील सार येथे मांडतो.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस आणि आग यांची ओळख जुनी आहे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि साऱ्या जगाचे डोळे वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळले. १८६७ पर्यंत आगगाडी नागपूरला पोचली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची ‘शकुंतला’ सुरू झाली ती मुख्यतः गठाणी वाहण्यासाठीच. घरोघरी रेच्यावर सरकी काढण्याचे काम मागे पडले आणि गावाच्या कडेला वाफेवर चालणारी जिने व दाबखाने उभे राहिले. विटांच्या भिंती, वर लोखंडी कैच्या, त्यांवर टिनपत्रे, आत रुईचा ढीग. दिवाळीपासून होळीपर्यंत, आणि पीक चांगले असेल तर त्याही पुढे, हे चाललेले. एखादा खडा, गाडीतून पडलेला खिळा, कापसाबरोबर जिनात गेला की ठिणगी. तापलेल्या बेअरिंगवर साचलेली तूस, तिचीही तीच गत. वैशाखात तर आमच्याकडे भिंतही हाताला लागू देत नाही, तेथे रुईचे काय सांगावे? कापसाच्या आगीचे एक वैशिष्ट्य असे की ती वरवर विझली तरी आत विझत नाही. दाबलेल्या गठाणीच्या पोटात ती दोन दोन दिवस धुमसत राहते आणि कोणी गठाण फोडली, की वारा लागून पुन्हा उठते.

हाच कापूस आणि हीच भीती लोखंडी इमारतीच्या जन्माला कारण झाली. अठराव्या शतकात इंग्लंडातील गिरण्या लाकडी तुळयांच्या आणि लाकडी तक्तपोशीच्या असत. जमिनीत तेल मुरलेले, हवेत तूस, उजेडासाठी मेणबत्त्या. एकामागून एक गिरण्या राख होत. १७९१ साली लंडनमधील आल्बियन मिल ही वाफेवर चालणारी प्रचंड पीठगिरणी जळाली, तेव्हा कारखानदारांची झोप उडाली. चार्ल्स बेज नावाच्या माणसाने १७९७ मध्ये श्रूजबरी येथे तागाची गिरणी बांधली. तिच्यात खांबही बिडाचे आणि तुळयाही बिडाच्या होत्या, आणि मजल्यांना विटांच्या कमानी होत्या. संपूर्ण लोखंडी सांगाडा असलेली ती जगातील पहिली इमारत मानली जाते आणि ती अजून उभी आहे. या पद्धतीला त्यांनी नाव दिले ‘अग्निरोधक’. लोखंड जळत नाही, तेव्हा लोखंडी इमारतही जळणार नाही, इतका साधा तो हिशोब होता.

हिशोबातली चूक प्रथम ओळखली ती आग विझवणाऱ्यांनी. लंडनच्या अग्निशमन दलाचा प्रमुख जेम्स ब्रेडवुड हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सांगत होता की, बिडाच्या खांबांवर उभ्या असलेल्या जळत्या वखारीत मी माझी माणसे पाठवणार नाही. आपल्या घरात बिडाचा तवा असतो. तो चुलीवर लाल झाला असता त्यावर गार पाणी ओतले तर काय होते, हे कोणत्याही गृहिणीला विचारावे. बीड दाब सोसते, पण ताण आणि एकाएकी होणारा थंड-गरम बदल त्याला सोसत नाही. तापलेल्या खांबावर बंबाचे पाणी पडले की तो तडकायचा, आणि वरचे पाच मजले खाली यायचे. २२ जून १८६१ रोजी लंडनच्या टूली स्ट्रीटवर, नदीकाठच्या वखारींत कापूस, ताग, साखर, चरबी असा माल पेटला. त्या आगीत ब्रेडवुडच्या अंगावर भिंत कोसळून तो मेला. ज्या वर्षी आमच्या वऱ्हाडच्या कापसाचा भाव चढू लागला, त्याच वर्षीची ही गोष्ट. वखारींना लोखंडी दारे होती, परंतु दिवसभराच्या राबत्यात ती उघडीच राहिली होती. कारखान्यांत फिरणाऱ्या माणसाला यात नवीन काहीच वाटणार नाही.

दहा वर्षांनी, ८ ऑक्टोबर १८७१ ला, शिकागो शहर जळाले. तेथील व्यापाऱ्यांच्या लोखंडी दर्शनी भागाच्या इमारती अभंग मानल्या जात. त्याही गेल्या. तेव्हापासून अमेरिकेतील वास्तुशिल्पी लोखंडाला भाजलेल्या मातीचे वेष्टन घालू लागले. लोखंड जळत नसले तरी आगीत ते निकामी होते, त्याला पांघरूण हवे, ही अक्कल अशी एका शहराची किंमत मोजून आली.

आपल्या देशातही हा लोखंडी सांगाडा लवकरच आला. मुंबईचे वॉट्सन हॉटेल १८६० नंतरच्या दशकात उभे राहिले. त्याचे बिडाचे आणि घडीव लोखंडाचे तुकडे इंग्लंडात तयार होऊन जहाजाने आले आणि येथे ते नुसते जोडले गेले. सांधा हा इमारतीचा स्वतंत्र अवयव आहे, तो एकीकडे बनतो आणि दुसरीकडे आवळला जातो, हे आपल्या लोकांनी बहुधा त्या वेळी पहिल्यांदा पाहिले असेल. नागपूरला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. पुढे तिच्यात आग लागताच आपोआप पाणी सोडणारे फवारे बसवले गेले, आणि हिंदुस्थानात ते पहिले होते असे टाटांच्या इतिहासात अभिमानाने नोंदलेले आहे. मालकवर्गाची स्तुती करण्याची आमची सवय नाही, परंतु हे काम शहाणपणाचे होते. त्या फवाऱ्याची रचनाही पाहण्यासारखी आहे. फ्रेडरिक ग्रिनेल याने १८८० नंतर जो फवारा प्रचारात आणला, त्याचे तोंड एका कथलाच्या मिश्रधातूच्या डागाने बंद केलेले असते. सुमारे ७० अंश सेल्सिअसला तो डाग वितळतो आणि पाणी सुटते. म्हणजे सगळ्या इमारतीत हा एकच सांधा असा, की जो आगीत तुटावा म्हणूनच बनवला आहे. बाकीच्या सांध्यांनी तुटू नये अशी आपली अपेक्षा असते.

आता त्या बाकीच्या सांध्यांकडे वळू. पोलाद वितळायला सुमारे दीड हजार अंश लागतात, आणि साध्या इमारतीच्या आगीत इतकी उष्णता नसते. म्हणून लोक म्हणतात, की आगीने लोखंड कसे पडेल? पण पडण्यासाठी वितळण्याची गरजच नाही. लोहार फाळ लाल करतो तेव्हा तो वितळवीत नाही, पण घणाखाली तो फाळ मेणासारखा वाकतो. साधे पोलाद ४०० अंशांपर्यंत बरेचसे बळ राखते. ६०० अंशांना ते निम्म्यावर येते आणि ८०० अंशांना जेमतेम दहावा हिस्सा उरतो. कसोटीसाठी जगभर जी प्रमाण आग धरतात, तिच्यात पहिल्या पाच मिनिटांतच हवा साडेपाचशे अंशांच्या वर जाते, अर्ध्या तासात ८४० च्या आसपास आणि तासाभरात ९४५ पर्यंत. पांघरूण नसलेल्या तुळईला यात साधारण पंधरा मिनिटे, वीस मिनिटे मिळतात. आमच्या जिनांच्या कैच्या तर हलक्या अँगलच्या असतात. त्या तितकाही वेळ देत नाहीत, कारण पातळ वस्तू लवकर तापते. कढईपेक्षा तिचा झारा आधी चटका देतो, तसेच हे.

सांधा मात्र सावकाश तापतो. त्या जागी तुळईचे टोक, खांब, पट्ट्या, अँगलचे तुकडे, बोल्टांची डोकी असा धातूचा गोळा झालेला असतो. वजन जास्त आणि आगीला उघडे अंग कमी. शिवाय खांबाच्या आडोशामुळे ज्वाळा थेट पोचत नाहीत. युरोपातील इंजिनिअरांनी मोजमापे घेऊन असा ठोकताळा बसवला आहे, की तुळईचा मध्यभाग खालच्या बाजूस जितका तापला असेल, त्याच्या सुमारे ८८ टक्के उष्णतामान सांध्याच्या तळाशी धरावे आणि वर काँक्रीटचा मजला असेल तर सांध्याच्या माथ्याशी सुमारे ६२ टक्के. म्हणजे तुळई ७०० अंशांना पोचली असता सांध्याचा वरचा बोल्ट साडेचारशेच्या घरात असू शकतो. हे ऐकून पुष्कळ वर्षे तज्ज्ञ निर्धास्त राहिले. तुळई आधी जाईल, सांधा मागून जाईल, तेव्हा सांध्याची वेगळी चिंता कशाला, असा त्यांचा युक्तिवाद होता.

या युक्तिवादात दोन मोठी छिद्रे आहेत.

पहिले छिद्र बोल्टाच्या जातीचे. जुन्या काळी रिव्हेट असत. ते भट्टीत लाल करून ठोकलेले मऊ लोखंड. आजचा जास्त ताकदीचा बोल्ट ही निराळी चीज आहे. त्याला कारखान्यात तापवून, एकदम थंड करून, पुन्हा मंद आंच देऊन कठीण केलेले असते. आपला लोहार विळ्याला ‘पाणी देतो’ त्याचीच ही थोरली आवृत्ती. आणि पाणी दिलेला विळा चुलीत पडला तर काय होते? त्याचे पाणी उतरते. बोल्टाचेही तसेच. ४०० अंशांना त्याच्यात तीन चतुर्थांशाहून थोडे अधिक बळ राहते, ५०० ला निम्म्याहून जरासे जास्त, आणि ६०० ला एक पंचमांशाच्या आसपास. वेल्डिंगचा जोड ६०० अंशांना दोन पंचमांशाच्या जरा खाली असतो, तर साधी तुळई तेव्हाही निम्म्याच्या जवळ असते. म्हणून सांधा थोडा गार असला तरी तो सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही.

दुसरे छिद्र याहून मोठे आहे आणि ते समजण्यासाठी पुस्तकाची गरज नाही. ज्याने गावात बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना पाहिली आहे, त्याला ते ठाऊक आहे. लाकडी चाकापेक्षा लोखंडी धाव जराशी लहान करतात. गोवऱ्यांच्या जाळात ती तापवली की फुगते, मग चिमट्यांनी उचलून चाकावर बसवतात आणि वरून पाणी ओततात. धाव आक्रसते आणि आरे, पुठ्ठे, तुंबा यांना अशी आवळते की चाक वर्षानुवर्षे सुटत नाही. ही आवळण्याची शक्ती पाहा. दहा मीटर लांबीची तुळई ५०० अंशांनी तापली तर सुमारे ६ सेंटिमीटर वाढते. बोल्टाच्या भोकात मोकळीक असते दोन मिलिमीटर. तुळईने जावे कुठे? ती खांबाला ढकलते, भिंतीला बाहेर रेटते आणि जागा नसली तर स्वतःच वाकते. आगीच्या भरात ती खाली झोळ देऊन लोंबते आणि मग दोन्ही टोकांना ओढू लागते. त्यानंतर आग ओसरते. वाकून, चेपून आखूड झालेली तुळई आता गार होत होत आक्रसते, धाव आक्रसते तशी. दोन्ही टोके पक्की धरलेली असतील तर केवळ १०० अंशांच्या घटीने साध्या पोलादात जो ताण उभा राहतो, तो त्याच्या सहनशक्तीच्या जवळपास जातो. आणि घट शंभराची नसते, पाचशे-सहाशेची असते. हा सारा ओढा येतो त्या चार-सहा बोल्टांवर. ते आगीत टिकतात आणि आग विझल्यावर, सगळे शांत झाल्यावर, तुटतात.

ही गोष्ट जगाला नीट कळली ती अगदी अलीकडे. २३ जून १९९० रोजी लंडनच्या ब्रॉडगेट भागात, बांधकाम चालू असलेल्या एका चौदा मजली इमारतीत ठेकेदाराच्या खोपटाला आग लागली. पोलादाला संरक्षक लेप अजून पुरता चढलेला नव्हता. साडेचार तास आग चालली. सर्वांनी धरून चालले की सांगाडा पडणार. तो पडला नाही, कोणी दगावले नाही. खांब दबून सुमारे १०० मिलिमीटरने आखूड झाले, तुळया वाकल्या, परंतु त्यांचे ओझे शेजारच्या भागांनी वाटून घेतले. मग तपासणीत दिसले की काही सांध्यांच्या पट्ट्या चिरल्या आहेत, बोल्टांची भोके ओढली गेली आहेत, आणि हे बरेचसे गार होताना घडले आहे. यातून पुढे बेडफर्डशायरमधील कार्डिंग्टन येथे विमाननौकांसाठी बांधलेल्या जुन्या प्रचंड शेडमध्ये इंजिनिअरांनी खरीखुरी आठ मजली पोलादी इमारत उभारली आणि १९९५-९६ मध्ये तिला मुद्दाम आगी लावल्या. उघड्या तुळया हजार अंशांच्या वर तापल्या, मजले लोंबले, पण पडले नाहीत. आणि थंड होताना मात्र टोकांच्या पट्ट्या एका बाजूने फाटल्या, बोल्ट कातरले गेले. परीक्षेसाठी आठ मजल्यांच्या उंचीचे घर बांधून जाळणे हे श्रीमंत देशाला परवडते. त्यातून निघालेले ज्ञान मात्र आम्ही फुकट घेऊ शकतो, आणि घेत नाही, याचे आम्हाला आश्चर्य वाटते.

सांधा जेथे कच्चा, तेथे काय होते ते ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये दिसले. दोन उंच मनोऱ्यांची गोष्ट सर्वांना माहीत आहे, आणि त्यांवर विमाने आदळली होती. आम्हाला बोध देणाऱ्या आहेत शेजारच्या दोन इमारती, ज्यांवर विमान आदळलेच नाही. पाच क्रमांकाची इमारत नऊ मजल्यांची होती. ती अनेक तास जळत राहिली. तिच्या आतले काही मजले एकावर एक कोसळले, आणि चौकशीत आढळले की तुळया शाबूत, खांब शाबूत, लेपही बराचसा जागेवर, पण तुळयांच्या मधल्या जोडाचे बोल्ट लोंबणाऱ्या तुळईच्या ओढीने भोके फाडून बाहेर आले होते. सात क्रमांकाची इमारत ४७ मजली. तिच्यात दिवसभर आग धुमसली आणि संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी ती सगळीच खाली आली. सरकारी तपासाचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. लांब तुळया तापून वाढल्या, त्यांनी एका मुख्य गर्डरला त्याच्या बैठकीवरून ढकलून दिले, तो मजला पडला, त्याखालचे पडले, ७९ क्रमांकाचा खांब निराधार झाला आणि बाकीचे ओघाने आले. वाढ इंचांत मोजावी एवढीच होती.

आमच्या मुंबईचा दाखला वेगळ्या जातीचा आहे, पण तो वगळता येणार नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजात आग लागली. जहाजात जवळजवळ १,४०० टन स्फोटके होती, आणि कराचीला चढवलेल्या ८,७०० कापसाच्या गठाणी त्याच पोटात रचल्या होत्या. दुपारपासून बंबवाले पाणी मारीत होते, पण गठाणीच्या आतली आग कुठे आहे हेच सापडेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. जळत्या गठाणी आणि तापलेल्या लोखंडाचे तुकडे वखारींवर पडले. शेकडो माणसे मेली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, आणि म्हणून १४ एप्रिल हा दिवस आपण अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतो. जळत्या इमारतीत पाऊल टाकणाऱ्याला आतले सांधे कोणत्या अवस्थेत आहेत हे दिसत नाही. ९ मे २०१५ ला मुंबईच्या काळबादेवीत जुनी इमारत आगीत कोसळली आणि दलाचे चार वरिष्ठ अधिकारी गेले. तेव्हा दीड शतकापूर्वीचा ब्रेडवुड आम्हाला आठवला.

आणखी एक आग सांगतो, कारण तिच्यात इमारत शाबूत राहिली. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रायँगल कपड्यांच्या कारखान्यात १४६ कामगार, बहुतेक तरुण मुली, मेल्या. दहा मजली इमारत अग्निरोधक होती. तिचा सांगाडा टिकला, आणि ती आजही वापरात आहे. बाहेर पडण्याचे दार मात्र कुलूपबंद होते. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने ३८ व्या कलमात बाहेर पडण्याच्या वाटांचा बंदोबस्त सांगितला होता. सांधे मजबूत करा म्हणणाऱ्यांनी दाराचे कुलूपही पाहावे, इतकेच त्यावर म्हणतो.

आता जिल्ह्याकडे परत येऊ. आमच्या जिनातील शेडला ब्रॉडगेटसारखा आधार नसतो. तेथे एक तुळई गेली तर चार शेजारणी ओझे घेतात. येथे कैची गेली की तिचे ओझे घ्यायला कोणी नाही. कैचीची टोके विटांच्या भिंतीवर, दोन-दोन बोल्टांवर टेकलेली. तीस मीटर लांबीच्या शेडमध्ये कैच्यांवरून जाणारे आडवे अँगल ५०० अंशांनी तापले तर १८ सेंटिमीटर वाढतात आणि शेवटची भिंत बाहेर ढकलतात. म्हणून आग लागलेल्या शेडच्या टोकाच्या भिंतीला टेकून पाण्याची रांग कधी लावू नये, असे आम्ही आमच्या माणसांना सांगत आलो आहोत. पुढे कैच्या लोंबू लागल्या की तीच भिंत आत ओढली जाते.

परंतु आमच्या अनुभवात सर्वांत धोक्याची वेळ तिसऱ्या दिवसाची. आग विझलेली असते. अर्धे छप्पर पडलेले आणि अर्धे उभे असते, आणि उभे आहे म्हणजे टिकले असे सगळे धरून चालतात. मग अर्धवट जळालेली रुई वेगळी करण्यासाठी रोजंदारीवर बाया लावतात. जो माल वाचेल तेवढा वाचवावा, यात मालकाचेही नुकसान टळते आणि बायांना रोज मिळतो, असे म्हणतात. एका जिनात (नाव सांगण्यात अर्थ नाही) आम्ही अशा वेळी पोचलो तेव्हा वीस-बावीस बाया उभ्या कैच्यांखाली बसून रुई निवडीत होत्या. पोरे बाहेर लिंबाखाली. एका सहकाऱ्याने टोकाच्या खांबावर शिडी लावून पाहिले. भिंतीवरच्या चार बोल्टांपैकी दोन कातरलेले, एकाचे नट सुटून भिंतीच्या कडेवर पडलेले आणि चौथा तिरपा होऊन भोकात अडकलेला. कैची पडली नव्हती ती त्या तिरप्या बोल्टामुळे आणि वरच्या टिनांच्या ओझ्याने अडकून राहिल्यामुळे. खालच्या बाईला आम्ही वर बोट करून दाखवले. तिने पाहिले, पदराने हात पुसले आणि विचारले, “मंग आजचा रोज कोण देईन, भाऊ?”

प्रश्न रास्त होता. त्या दिवसाचा रोज मिळवून देण्यात दुपार गेली, आणि कैच्या खाली उतरवल्याशिवाय आत कोणी जाणार नाही हे ठरवण्यात पुढचे दोन दिवस. क्रेन लावून कैच्या उतरवल्या तेव्हा त्यांतली एक अर्ध्यावर असताना सांध्यातून दुमडली.

यानंतर दुरुस्तीचा प्रश्न येतो. तापून वाकलेला साधा अँगल लोहार सरळ करू शकतो, आणि फार तापला नसेल तर त्याचे बळही बहुतांशी परत येते. बोल्टाची गोष्ट तशी नाही, त्याचे पाणी उतरलेले असते. डोळ्यांना तो जसाच्या तसा दिसतो, पाना लावला तर आवळतोही, आणि म्हणूनच तो फसवतो. आगीत सापडलेला जास्त ताकदीचा बोल्ट पुन्हा वापरू नये, त्याच्या जागी नवा घालावा. आपल्या देशात पोलादी बांधकामाची प्रमाणसंहिता प्रथम १९५६ साली निघाली. २००७ च्या आवृत्तीत आगीवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात सांध्यांविषयी असे सांगितले आहे की, सांध्यात येऊन मिळणाऱ्या भागांपैकी ज्याला सर्वांत जाड संरक्षक लेप लागतो, तेवढाच जाड लेप सांध्याला द्यावा, आणि तो बोल्टांच्या डोक्यांवर, वेल्डिंगवर आणि जोडपट्ट्यांवरही सारखा असावा. लेप म्हणजे काँक्रीटचे वेष्टन, फवारलेला गिलावा किंवा तापताच फुगून जाड थर होणारा रंग. गावोगावच्या शेडमध्ये यांपैकी काहीच नसते. असलाच तर हिरवा तैलरंग असतो, आणि तो आगीत स्वतःच जळतो.

त्या जिनाच्या मालकाने शेड पुन्हा उभी केली तेव्हा जुने बोल्ट पोत्यात भरून ठेवले होते. मिस्त्री म्हणाला, चांगले आहेत, पुसून घेतो. आम्ही दोन बोल्ट मागितले. एक आगीतला, एक दुकानातला नवा. बाजारातल्या लोहाराकडे दोन्ही शिकंजात धरून लांब पाना लावला. नवा बोल्ट हलेना. आगीतला पानाबरोबर वळत गेला, पिळला आणि मानेपाशी तुटला. मालक तेथे उभेच होते. त्यांनी पोते भंगारात घालायला सांगितले, आणि नव्या बोल्टांचे बिल स्वतः खिशात घातले.